गळ्यातली किल्ली

लॉकडाउनमध्ये लोकांनी घरी पाव भाजले, कुंड्यांत कोथिंबीर लावली, योगासनं शिकली. मी रिव्हॉल्वर चालवायला शिकले. कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या आम्हा मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी हे कधीच लिहिलं नाही. तिथे कुणाच्या मुलाला कराटेचा पिवळा पट्टा मिळाला तरी आठवडाभर चर्चा चालते, तर माझं काय झालं असतं ते सांगायला नको.

मी मूळची कोल्हापूरची. शिकारबंदीचा कायदा यायच्या आधी माझ्या मामानं दोन-तीन रानडुकरं मारली होती, आणि कायदा आल्यावर तीच डुकरं त्याच्या गोष्टींत दर उन्हाळ्याला थोडी थोडी मोठी होत गेली. मामेभावांना तो छऱ्याची बंदूक द्यायचा आणि पत्र्याचे डबे मांडायला मला पाठवायचा. मी मांडायचे, ते पाडायचे, मी परत मांडायचे. पुढे कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला जमिनीवर पालथं पडून मी पाच गोळ्या मारल्या. पाचही एका वाटीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या. तिथले सुभेदार म्हणाले, "पोरी, तू मुलगा असतीस तर!" ते वाक्य अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. त्यानंतर इंजिनिअरिंग, पुण्याचं सासर, व्हिसा, कॅनबेरातल्या सरकारी खात्याचं कॉन्ट्रॅक्ट, आणि हातात कायमचा माऊस.

कोविडच्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिस घरात आलं आणि माणसं स्क्रीनमध्ये गेली. मी जेवताना फोनवर काहीबाही बघायला लागले, त्यात एक अमेरिकन शिकारी सापडला. भली मोठी दाढी, हातात भलं मोठं रिव्हॉल्वर, आणि जंगलात हरणामागे मांजराच्या पावलांनी चाललेला. तो म्हणायचा, रायफलवाला लांबून मारतो, रिव्हॉल्वरवाल्याला जनावराच्या जवळ जावं लागतं, ते फार अवघड असतं. मला ते एकदम पटलं. मला असलंच काहीतरी अवघड आणि खरं करायचं होतं.

"तू शिकार करणार?" नवरा म्हणाला. "परवा बाथरूममधल्या कोळ्यासाठी मला मीटिंगमधून उठवलंस."

"कोळी चावतो," मी म्हणाले.

"इथला तो कोळी चावत नाही. आणि त्याला हंट्समन म्हणतात, म्हणजे शिकारी तोच."

माझा नवरा पुण्याचा, हे वेगळं सांगायला नको. कुणी काही चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. चहात आलं किसून घालायचं की ठेचून, यावर त्यानं माझ्या माहेरच्या माणसांशी वाद घातलेला आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा राग यायचा, आणि सवयही झाली होती.

निर्बंध सैल झाल्यावर शहराबाहेरच्या टेकडीमागच्या एका पिस्तूल क्लबात मी नाव घातलं. तिथला कॅप्टन सत्तरी ओलांडलेला होता. फिशविकला त्याचं बंदुकांचं छोटं दुकान होतं. मी त्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मला रिव्हॉल्वरनं शिकार शिकायची आहे. तो इतका हसला की त्याला चष्मा काढून पुसावा लागला.

"नॉट इन धिस कंट्री, लव्ह," तो म्हणाला. या देशात रिव्हॉल्वर जिवंत जनावरावर चालवता येत नाही. शिकारीला रायफल, तिचा परवाना वेगळा. रिव्हॉल्वर फक्त क्लबात, कागदावर आणि पोलादावर. मग त्यानं बोट करून मला रेंजच्या टोकाची जनावरं दाखवली. जाड पोलादी पत्र्यातून कापलेल्या कोंबड्या, डुकरं, टर्की, आणि सगळ्यात लांब मेंढे, रांगेनं उभे. त्यांना नुसती गोळी लागून चालत नाही, ते पडावे लागतात, म्हणून हत्यारही मोठं लागतं. तुझी शिकार हीच, तो म्हणाला. मामाच्या डब्यांपासून इतक्या लांब येऊन मी पुन्हा पत्र्यापाशीच पोचले होते. पण या वेळी पाडणारी मी होते.

सुरुवात फजितीची झाली. या प्रकारात जमिनीवर उताणं पडून, गुडघा उभा करून, पायाच्या आधारानं नेम धरायचा असतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जाड जॅकेट घालून, अनोळखी पुरुषांसमोर तसं पडायला मला जड गेलं. पहिला बार झाला तेव्हा हात कपाळापर्यंत उडाला आणि कानात घंटा वाजली. मेंढा जागचा हलला नाही. पुढचे कित्येक रविवार हेच. मग एकदा कॅप्टननं मला न सांगता गोळ्यांमध्ये एक रिकामी पुंगळी घातली. मी चाप ओढला, नुसता टिक असा आवाज झाला, आणि माझ्या हातातली नळी तरीही खाली झुकली.

"सी? यू फ्लिंच बिफोर द बँग," तो म्हणाला. बार व्हायच्या आधीच माझं अंग घाबरून घेत होतं, म्हणून गोळी खाली जात होती. उपाय एकच, तो म्हणाला. घरी रोज खोट्या गोळ्या घालून चाप ओढायचा, काही होत नाही हे हाताला शिकवायचं.

ठरलेला काळ क्लबाच्या हत्यारावर शिकून, परवानग्या मिळवून, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मी स्वतःचं पॉइंट फॉर्टी-फोर रिव्हॉल्वर घेतलं. पोलिसांनी गॅरेजमध्ये येऊन भिंतीला बोल्टांनी पक्की केलेली तिजोरी हलवून पाहिली. गोळ्यांचा डबा वेगळा, त्याला आकड्यांचं कुलूप. तिजोरीची किल्ली परवानेदाराजवळच राहिली पाहिजे, असं पोलीसबाईनं बजावलं. मी ती माझ्या गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा दाराशेजारच्या खुंटीवर. घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि शाळेत जाणारी लेक. कुणापासून लपवायची?

मग दुसरी लाट आली आणि पुण्यात माझे सासरे गेले.

ते दवाखान्यात होते तेव्हाच नवऱ्यानं देशाबाहेर जायची परवानगी मागितली होती. ती आली तेव्हा तेरावा होऊन गेला होता. तिकडून परत यायची विमानं तर बंदच होती. अंत्यविधी त्यानं फोनवर पाहिला. चुलतभावानं फोन धरला होता, त्याचा हात सारखा हलत होता, आणि मधेच चित्र अडकलं ते अडकलंच. नवरा त्या अडकलेल्या चित्राकडे किती तरी वेळ बघत बसला. मी फोन काढून घेतला तेव्हा म्हणाला, "असू दे." त्या दिवशी तो रडला नाही. नंतरही नाही.

आधी मला वाटलं, दुःख आहे, होईल कमी. तो कामाला बसत होता, कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होता, लेकीला गणित शिकवत होता. पण एकदा जेवताना लेकीनं काहीतरी साफ चुकीचं सांगितलं, कुठल्याशा देशाच्या राजधानीबद्दल, आणि तो गप्प राहिला. मी मुद्दाम म्हणाले, आलं किसूनच घालावं, ठेचण्यात काही अर्थ नाही. त्यानं मान हलवली. "हो, तसंही चालतं." हा माणूस असं म्हणणाऱ्यातला नव्हता.

संध्याकाळी मी गॅरेजमध्ये खोट्या गोळ्यांवर सराव करायचे. तो खुर्ची आणून तिथे बसायला लागला. पूर्वी बसला असता तर चार सूचना केल्या असत्या. आता नुसता बसायचा. मला उलट बरं वाटलं, माझ्या छंदात त्याला रस वाटतोय म्हणून. एके दिवशी मी घोडा मागे ओढून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरलेला असताना त्यानं विचारलं, "जनावराला काही कळतं का गं?"

"नीट लागलं तर नाही," मी म्हणाले. चाप ओढला. टिक.

"म्हणजे दुखतही नसेल," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

मी आणखी थोडा सराव केला. रिव्हॉल्वर पुसून तिजोरीत ठेवलं, कुलूप लावलं, खुंटीपाशी आले, जुडगा वर धरला आणि तिथेच थांबले. तो जनावराबद्दल बोलत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. शेवटी किल्ली जुडग्यातून सोडवून मुठीत घट्ट धरली आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

त्यानंतर माझी जी पळापळ सुरू झाली ती काही विचारू नये. गोळ्यांच्या कुलपाचा आकडा लेकीच्या जन्मतारखेचा होता, तो बदलला. किल्ली आधी साबुदाण्याच्या डब्यात ठेवली. मग आठवलं, खिचडी तोच करतो. मग शिवणाच्या डब्यात, मग माझ्या हिवाळी बुटात. कुठेही ठेवली तरी दर तासाला जाऊन बघावंसं वाटायचं, आणि इतक्यांदा एकाच ठिकाणी गेले तर त्यालाच कळणार. शेवटी मी कपाटातून मंगळसूत्र काढलं. एरवी ते मी सणावारीच घालते. आमच्याकडे बायका मंगळसूत्राला सेफ्टी पिना अडकवून ठेवतात, वेळेला उपयोगी पडतात म्हणून. तशी मी त्याला एक मोठी पीन लावली, पिनेत किल्ली, आणि वरून बंद गळ्याचा स्वेटर, इथल्या भाषेत जंपर. कॅनबेराच्या थंडीत जंपरला कोण हरकत घेणार?

लेकीच्या नजरेला मात्र काळे मणी पडलेच. "मम, सिन्स व्हेन डू यू वेअर दॅट?"

"घातलं सहज," मी म्हणाले.

"ऑन अ ट्यूसडे?"

मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

हत्यारच घराबाहेर काढावं, हे मला सुचलं नाही असं नाही. मी कॅप्टनला फोन केला. काही दिवस दुकानाच्या तिजोरीत ठेवता येईल का, घरी जरा रंगकाम चाललंय, असं सांगितलं. "समवन अ‍ॅट होम नॉट ट्रॅव्हलिंग वेल, लव्ह?" घरात कुणाचं ठीक नाही का, असं इतक्या साधेपणानं त्यानं विचारलं की माझे डोळे भरून आले. "नो, नो, ऑल गुड," मी म्हणाले. बरं, कधीही आण, तो म्हणाला. त्याच आठवड्यात कॅनबेरात लॉकडाउन लागला. आता रिव्हॉल्वर गाडीत घालून निघायचं, वाटेत पोलिसांनी थांबवलं तर काय सांगायचं? नवऱ्याची भीती वाटते म्हणून? ते त्याच्या ऑफिसात पोचलं तर? इथल्या मराठी मंडळातल्या लोकांत पसरलं तर? कारणं खूप होती. खरं कारण एकच होतं, ते मोठ्यानं उच्चारलं तर खरं होईल असं मला वाटत होतं.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं झालं. तो अंघोळीला गेला की मी पाण्याचा आवाज ऐकत उभी राहायचे. गॅरेजचं दार वाजलं की मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून धावायचे. तो तिथे बापाचा जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन लेकीच्या सायकलचा ब्रेक नीट करत असायचा. "काय झालं?" तो विचारायचा. "काही नाही, चहा घेतोस का?" मी म्हणायचे. दिवसाला इतके चहा झाले की दूध सारखं संपायला लागलं. त्याला सरळ विचारायचं धैर्य मला एकदाही झालं नाही. बार व्हायच्या आधीच माझं अंग आखडत होतं, आणि इथे सराव करून ती सवय जाणारी नव्हती.

त्यानं आपली क्रिकेटची बॅट आणि पॅड शेजारच्या पंजाबी पोराला देऊन टाकले. "अंकल ने ऐसे ही दे दिया," त्या मुलाची आई कौतुकानं कुंपणापलीकडून म्हणाली. मी हसून हो म्हटलं, आत आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

असा हिवाळा संपला. वसंतात पिलं राखणारे मॅगपाय पक्षी माणसांच्या अंगावर झेपावायला लागले, सायकलवाले हेल्मेटवर काटे लावून फिरायला लागले, रिकाम्या ट्राम गुंगालिनहून शहराकडे जात राहिल्या. नवरात्र आलं. घरात माणूस गेलेलं वर्ष, म्हणजे सण करायचे नव्हते. घट नाहीत, गोडधोड नाही. म्हणून मी निर्धास्त होते. आणि मग पुण्याहून सासूबाईंचा फोन आला.

"सण नाही हे खरं," त्या म्हणाल्या, "पण खंडेनवमीला हत्यारं तशीच ठेवू नका रे. यांनी एक वर्ष चुकवलं नाही कधी."

माझे सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. खंडेनवमीला ते पाटावर लाल कापड घालायचे आणि त्यावर पाने, हातोडी, कानस, मोजमापाचं व्हर्नियर असं ओळीनं मांडायचे. प्रत्येकाला हळद-कुंकू, प्रत्येकावर फूल. ज्याच्यावर आपलं पोट आहे त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा आणि तो दिवस त्याला विश्रांती द्यायची. नवरा तरुणपणी या सगळ्याला हसायचा. कॅनबेरात मीच दरवर्षी सुरी, कात्री आणि दोन लॅपटॉप पुजून घ्यायचे.

"करतो, आई," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात जोर होता. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "या वर्षी रिव्हॉल्वरही ठेवू पाटावर. घरातलं खरं शस्त्र तेच. बाबा असते तर त्यांनी पहिलं तेच मांडलं असतं."

"ते असं काढता येत नाही," मी म्हणाले. "फक्त साफ करायला नाहीतर क्लबात न्यायला."

"मग पुसून ठेव. दोन मिनिटांचं काम." तो चक्क हसला. "किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

"आहे."

खंडेनवमीपर्यंत मी नीट झोपले नाही. त्याच्या बोलण्यात काय चूक होती? मुलगा बापाची रीत चालवू पाहत होता, आणि मी त्यात भलतंच बघत होते. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार. हो म्हटलं तर, मीच काढणार, मीच समोर उभी राहणार, गोळ्या वेगळ्या कुलपात, मग बिघडतं कुठे? पण लगेच दुसरं मन म्हणायचं, तुला कुकरच्या शिट्टीनं आत जावं लागलं तर? आज हसला कसा तो? इतक्या महिन्यांनी त्याला हसू आलं, ते नेमकं यावर? त्याच्या हसण्याचीच मला भीती वाटायला लागली होती. बायकोला नवऱ्याच्या हसण्याची भीती वाटावी, इतकी वाईट वेळ शत्रूवरही येऊ नये.

त्या दिवशी लॉकडाउन उठणार होता, रात्री बारापासून. दुपारी नवऱ्यानं अंघोळ करून धुतलेला झब्बा घातला, दिवाणखान्यात पाट मांडला, त्यावर माझी लाल ओढणी चौघडी करून घातली. पाट म्हणजे लेकीचं लहानपणचं स्टूल. त्यावर त्यानं बापाचा स्क्रूड्रायव्हर ठेवला, मग सुरी, कात्री, माझा लॅपटॉप, त्याचा लॅपटॉप, लेकीचा कॅल्क्युलेटर. सगळं सासऱ्यांसारखं ओळीनं. मधोमध एक जागा रिकामी ठेवली. बागेतली पिवळी फुलं आणली. लेकीनं फोन उभा करून आजीला लावला.

"छान मांडलंस रे," सासूबाई म्हणाल्या. "मधे काय यायचंय?"

"तिचं रिव्हॉल्वर," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. "आणतेस?"

मी उठले नाही. उठायचं ठरवलं होतं, तरी. "या वर्षी ते नको," मी म्हणाले.

"का?"

"नको म्हणते ना."

"अगं, पण का?"

"मला भीती वाटते."

फोनमध्ये सासूबाई "काय म्हणाली ती? ऐकू नाही आलं" असं विचारत होत्या. लेकीनं एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघितलं, फोन उचलला आणि "आजी, मी तुला गार्डन दाखवते हां," असं आपल्या मोडक्या मराठीत म्हणत मागच्या दारानं बाहेर गेली.

"कशाची भीती?" त्यानं विचारलं.

"तुझी," मी म्हणाले. "तू स्वतःचं काही करून घेशील, याची."

तो चिडेल असं मला वाटलं होतं. निदान वेड लागलंय का तुला, एवढं तरी म्हणेल. मला ते हवं होतं, मी त्याची वाट बघत होते. तो खाली बघून एक फूल सरळ करत राहिला. कात्रीवरचं काढून सुरीवर ठेवलं, परत कात्रीवर ठेवलं.

"मग किल्लीच ठेव," तो म्हणाला.

"कुठली किल्ली?"

"गळ्यातली. वळलीस की वाजते ती. जंपरनं काय होतंय?"

म्हणजे इतके दिवस त्याला ठाऊक होतं. मी मंगळसूत्र बाहेर काढलं. घाईत पीन उघडेना, अंगठ्याला टोचली. किल्ली सोडवली आणि लाल कापडावर त्या रिकाम्या जागेत ठेवली, त्याच्या हातापासून एका वितीवर. त्यानं हात उचलला तर आपण झडप घालायची, असं ठरवून मी गुडघ्यांवर बसले होते.

त्यानं सगळ्यांना हळद लावली, कुंकू लावलं. किल्लीला सगळ्यात शेवटी. अक्षता टाकल्या. हात जोडून डोळे मिटले ते बराच वेळ. बागेतून सासूबाईंचा आवाज येत होता, हे लिंबाचं झाड का गं, म्हणून. मग त्यानं डोळे उघडले आणि किल्ली उचलली.

त्यानं माझा हात ओढून घेतला, तळव्यावर किल्ली ठेवली, आणि माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.

"घाल गळ्यात," तो म्हणाला. "आणि हे बघ. मी मागितली तरी देऊ नकोस. हसत मागितली तरी."

मग तो रडला. बापासाठी, फोनमधल्या त्या अडकलेल्या चित्रासाठी, सगळ्यासाठी एकदम. मी त्याला धरून बसले आणि इतके महिने न विचारलेलं सरळ विचारलं, हे कधीपासून मनात येतंय. बाबा गेल्यापासून, तो म्हणाला. रोज नाही. किल्ली खुंटीवरून गेली त्या दिवशी मात्र खूप बरं वाटलं होतं, पण ते तुला सांगायचं कसं?

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच मी कॅप्टनला फोन करून खरं काय ते सांगितलं. तू येऊ नकोस, दुपारी मीच घरी येऊन रिव्हॉल्वर घेऊन जातो, तो म्हणाला. त्याच्या आधी आमच्या जीपीचा फोन होता, स्पीकरवर, आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी शेजारी शेजारी बसलेलो. डॉक्टरबाई हळूहळू, नीट विचारत होती. झोप कशी आहे, भूक कशी आहे, मनात कसले विचार येतात. त्यानं एकही उत्तर चुकवलं नाही. मी त्याचा हात धरून ऐकत होते. मग तिनं विचारलं, घरात एखादं शस्त्र आहे का?

"येस," तो म्हणाला. "माय वाइफ इज वेअरिंग द की."

"गुड," ती म्हणाली. "लेट हर कीप वेअरिंग इट."

"इट्स ओन्ली टिल धिस आफ्टरनून," माझ्या नवऱ्यानं तिला दुरुस्त केलं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागले.